एक्सएआयमध्ये पीएचडी करून गोव्यात शिकवायचं, की सरळ बेंगळुरू गाठायचं?

खाजनातली कुर्ली:
भाचीचं एमटेक संपत आलंय, बेंगळुरूची नोकरी हातात आहे आणि बाईसाहेब म्हणतात पीएचडी करणार. एक्सएआयमध्ये, म्हणजे मशीनने एखादा निर्णय का दिला ते माणसाला समजेल असं काढून दाखवायचं. मग इथेच कुठेतरी शिकवणार. माझं स्पष्ट मत, नको. फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, पुढे ४२,०००, तोवर बरोबरीच्या पोरी फ्लॅट घेऊन मोकळ्या. आणि मॉडेलचं कारण काढून दाखवणारी टूलं बघा, लाइम आलं २०१६ ला, शॅप २०१७ ला, तेव्हाची मॉडेलं केवढी नि आताची केवढी, हिचा थिसिस होईपर्यंत सगळी शिळी पेज.

पठारावरचा वारा:
टूल शिळं होईल हो, प्रश्न कसा होईल? रिच कारुआना या संशोधकाचा २०१५ चा पेपर बघा. न्यूमोनियाच्या पेशंटांच्या डेटावरून मॉडेल शिकलं की दमा असेल तर मरायचा धोका कमी! का, तर दमेकऱ्यांना सरळ आयसीयूत न्यायचे म्हणून ते वाचायचे. आतलं वाचता येणारं मॉडेल होतं म्हणून हे सापडलं, नाहीतर दम्याच्या माणसाला घरी पाठवलं असतं. देवाला प्रसाद लावला की पाकळी उजवीच का पडली असं आपण विचारत नाही, पण बँकेने कर्ज नाकारलं तर विचारणारच ना.

माटोळी:
अहो हे तर तुमच्याच विरुद्ध गेलं. ते मॉडेल मुळातच साधं होतं, बंद पेटीला, म्हणजे आतलं काही दिसत नाही अशा मॉडेलला, मागून चिकटवलेलं स्पष्टीकरण नव्हतं. सिंथिया रुडिन या संशोधक २०१९ ला हेच म्हणाल्या, जिवाशी खेळ असेल तिथे बंद पेटी समजावत बसू नका, वाचता येणारं मॉडेलच वापरा. २०१८ च्या एका पेपरात तर मॉडेलची शिकलेली वेट्स, म्हणजे आतले आकडे, पुसून रँडम भरली तरी काही पद्धतींचे हीटमॅप, म्हणजे मॉडेल फोटोत कुठे बघतं ते रंगाने दाखवणारी चित्रं, जवळपास तसेच आले. म्हणजे घाडी-भगताने सांगितलेलं कारण आणि हे, फरक काय? अर्धं एक्सएआय असलंच आहे, त्यात पाच वर्षं घालवू नये.

खडू आणि फाइली:
बाब, ते दाखवून देणं हेसुद्धा एक्सएआयचंच काम आहे की. मी शिकवतो म्हणून सांगतो, पोरं शॅपचा रंगीत चार्ट रिपोर्टात डकवतात आणि व्हायवात एका पट्टीचा अर्थ विचारला की माझ्याकडे बघत राहतात. गेल्या वर्षी एका ग्रुपने काजूच्या पानांवरचा रोग ओळखणारं मॉडेल केलं, अचूकता भारी, सगळे खूश, मी म्हटलं हीटमॅप काढा. लाल रंग पानावर नाहीच, बोटांवर! रोगट पानं सगळी एकाच पोराने हातात धरून फोटो काढलेले आणि चांगली पानं टेबलावर ठेवून. त्या दिवशी जे शिकले ते चार लेक्चरांत झालं नसतं. असे दिवस वर्षातून दोन-तीन येतात, बाकी सगळं अ‍ॅक्रेडिटेशनच्या फाइली आणि परीक्षेची ड्युटी, खोटं कशाला बोलू.

खाजनातली कुर्ली:
बोटांचं आवडलं. पण परमनंट आहात का?

खडू आणि फाइली:
नाही. सहा वर्षं कॉन्ट्रॅक्ट, दर जूनला पोटात गोळा.

खाजनातली कुर्ली:
मग मी वेगळं काय म्हणत होते!

माटोळी:
करणारच असेल तर विषयाआधी गाइड बघायला सांगा. त्याच्याकडून सुटलेल्या पोरांना फोन करायचा, किती वर्षं लागली आणि मधेच कोण सोडून गेलं एवढं विचारलं तरी पुरे.

खाजनातली कुर्ली:
हे बरं सांगितलंत. रविवारी येतेय हुमण जेवायला, तेव्हा काढते विषय.