मदत हवी आहे: ब्राझीलमधल्या साओ रोके दे मिनास गावात कोणी राहून आलंय का?

नमस्कार मंडळी. जुलैमध्ये मी आणि आई ब्राझीलला जातोय. रिओ वगैरे दोन दिवसांत उरकून आम्हाला मिनास जेराइस राज्यातल्या साओ रोके दे मिनासला निवांत राहायचंय. कानास्त्रा डोंगररांगांच्या कुशीतलं, कॉफी आणि गाईगुरांवर जगणारं हे छोटं गाव. आमचा घरचा दूधधंदा आहे, त्यामुळे खरी ओढ तिथल्या कानास्त्रा चीजची. कच्च्या, न तापवलेल्या दुधाचं, आणि त्यात आदल्या दिवशीच्या चीजमधून रात्रभर ठिबकलेलं खारट पाणी विरजणासारखं घालतात. ही मिनासची पद्धत 2024 साली युनेस्कोच्या यादीतही आली. आईला ते सकाळी दूध काढण्यापासून स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय.

बेलो होरिझोंतेहून बसने पिउमीपर्यंत जाऊन पुढे काय मिळतं? की गाडी भाड्याने घेणंच बरं? राष्ट्रीय उद्यानातल्या कच्च्या रस्त्यांवर साधी कार चालते का? 186 मीटरचा कास्का दांता धबधबा पायथ्यापासून बघायला आईला (वय 64, गुडघे दुखतात) किती चालावं लागेल?

शेतावर मुक्काम देणारं कुटुंब माहीत असेल तर जरूर मेसेज करा. आम्ही शाकाहारी; तिकडे घेवड्याच्या उसळीतही डुकराचं मांस असतं म्हणे, तर पोर्तुगीजमध्ये नेमकं काय सांगायचं? पीतज्वराची लस घेतली आहे, परतताना कार्ड लागतं म्हणून.