अनुभव धागा : डोळ्यांत पाणी कधी आलं, आणि मग काय झालं?

तालुक्याचा_डॉक्टर (धागाकर्ता)

दवाखान्यात कुणी रडायला लागलं की सोबत आलेलं माणूस आधी ओशाळतं. ‘अगं, डॉक्टरांसमोर काय रडतेस!’ मग कंपाउंडर पाण्याचा ग्लास आणतो आणि पुढचा पेशंट दारातूनच मागे सरतो. आमच्या अभ्यासक्रमात नेत्ररोगाच्या पुस्तकात अश्रुग्रंथी होती, मानसोपचारात उदासीनता (डिप्रेशन) होती. रडणारा माणूस मात्र दोन्हीकडे नव्हता. म्हणून हा धागा.

सुरुवातीला थोडं पुस्तकी. अश्रू तीन तऱ्हेचे. पहिले डोळा ओला ठेवणारे, ते सतत पाझरतात. त्यांत लायसोझाइम नावाचं प्रथिन असतं, ते काही जंतूंचं कवच फोडतं. पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंगने १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला ते ओळखलं आणि तपासायला अश्रू हवेत म्हणून डोळ्यांत लिंबू पिळवून घेतलं. दुसरे धूर, कांदा, कचरा यांनी येणारे. तिसरे मनाचे, आणि हे माणसाखेरीज दुसऱ्या प्राण्यात आहेत असं अजून कुणाला ठामपणे दाखवता आलेलं नाही. रडताना नाक का वाहतं असं मुलं विचारतात. पापण्यांच्या नाकाकडच्या टोकाला बारीक छिद्रं असतात, तिथून हे पाणी नाकात उतरतं. ओघ वाढला की उरलेलं गालावर.

आता तुम्ही लिहा. कविता नको, सुविचार तर अजिबात नको. काय झालं, शेजारी कोण होतं, नंतर बरं वाटलं की डोकं धरलं, एवढं पुरे.

गॅलरीतली_तुळस

माझ्या पाठवणीला मी मनापासून रडले. आईच्या गळ्यात पडले, काजळ ओघळलं, सगळं यथासांग. तेवढ्यात व्हिडिओवाला म्हणाला, ‘ताई, लाइट गेली होती, जरा परत एकदा.’ आणि आम्ही दोघी परत रडलो! कॅसेटमध्ये तेच दुसरं रडणं आहे. बघताना सासूबाई दर वेळी डोळ्यांना पदर लावतात.

शेवटची_लोकल

काही वर्षांपूर्वी माझं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं. बेल्स पाल्सी. सकाळी चूळ भरताना पाणी उजवीकडून गळालं तेव्हा कळलं. काही महिन्यांत चेहरा बराचसा जागेवर आला, पण एक नवीनच सुरू झालं. घास तोंडात घेतला की उजवा डोळा गळतो. आमटी-भात असो नाहीतर वडापाव. डबा खाताना ऑफिसातले विचारतात, घरी सगळं ठीक ना?

मामांच्या तेराव्याला पंगतीत बसलो आणि पहिल्याच घासाला डोळा सुरू. समोरच्या आजी म्हणाल्या, ‘बघा, भाच्याचा किती जीव होता.’ जीव होताच हो, पण त्या क्षणी माझं सगळं लक्ष वड्यांवर होतं. काय सांगणार? मामी वाढता वाढता थांबल्या, पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग डावाही भरला.

तालुक्याचा_डॉक्टर

याला वैद्यकातही मगरीचे अश्रूच म्हणतात. चेहऱ्याच्या नसेतले लाळग्रंथीकडे जाणारे तंतू इजेनंतर नव्याने वाढताना अश्रुग्रंथीकडे वळतात. मेंदू सांगतो लाळ सोड, आणि पाणी डोळ्यातून येतं. फारच त्रास असेल तर अश्रुग्रंथीत बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, काही महिने आराम मिळतो.

निरांजन_ओवाळते

माझं अगदी उलटं. मला अश्रू येतच नाहीत.

चाळिशीनंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून दोन दुकानं फिरले. मग तोंड सुकायला लागलं, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरेना. डोळ्याच्या डॉक्टरांनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. शिर्मर टेस्ट. निरोगी डोळ्यात साधारण १० मिलिमीटरच्या पुढे कागद भिजतो. माझा जेमतेम कडेला ओला झाला. रक्ततपासणीत स्योग्रेन्स निघाला. शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. हा आजार जास्त करून बायकांना, तोही मध्यम वयात होतो.

ड्रॉप्स लागतात, दिवसातून कितीदा तरी. त्याची सवय झाली. पण वडील गेले तेव्हा मला हुंदके येत होते, छाती भरून येत होती, घसा दुखत होता आणि डोळे कोरडे ठणठणीत. भेटायला येणाऱ्या बायका माझ्याकडे बघायच्या आणि मग वहिनीच्या गळ्यात पडायच्या. एका काकूंनी स्वयंपाकघरात म्हटलं, ‘लेक असून डोळ्यांत टिपूस नाही.’ मी तिथेच ओट्याशी उभी होते. पर्समधून ड्रॉप्स काढले आणि त्यांच्यासमोरच डोळ्यांत घातले. त्यांना काही समजलं नाही. ओघळ गालावर आले तशी त्यांनी मला जवळ घेतलं. दोन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी जवळ घेतलं होतं, म्हणून मीही काही बोलले नाही.

तालुक्याचा_डॉक्टर

हा आणि वरचा वड्यांचा किस्सा शेजारी शेजारी ठेवा. एकाला दुःखाशिवाय पाणी, दुसरीला पाण्याशिवाय दुःख, आणि भोवतालच्यांनी दोघांचा हिशेब पाण्यावरच केला.

सुंठसाखर

मी वैद्य आहे. आमच्याकडे हा विषय अभ्यासक्रमात आहे बरं का, डॉक्टर! चरकाने न अडवण्याचे १३ वेग सांगितले आहेत. मल, मूत्र, शिंक, जांभई, भूक, तहान, झोप वगैरे, आणि त्यातच बाष्प, म्हणजे अश्रू. ते अडवले तर सर्दी, डोळ्यांचे विकार, हृद्रोग, अरुची आणि भ्रम होतो असं म्हटलंय. त्यावरचा उपाय मला विद्यार्थिदशेपासून आवडतो : झोप, मद्य आणि आवडत्या गप्पागोष्टी.

शंकासुर

मधलं औषध कुठल्या मात्रेत घ्यायचं, ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

बाकी गंभीर शंका. ‘रडल्याने शरीरातली विषं बाहेर पडतात’ हे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी येतं. खरं आहे का?

तालुक्याचा_डॉक्टर

विल्यम फ्रे नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९८०च्या दशकात कांद्याने आलेले आणि सिनेमा बघून आलेले अश्रू वेगवेगळे गोळा केले. सिनेमाच्या अश्रूंत प्रथिनं जास्त निघाली. त्यावरून त्याने तर्क केला की ताणातून तयार झालेली द्रव्यं रडण्यावाटे बाहेर जात असतील. तो तर्क लोकांना फार आवडला. सिद्ध मात्र झाला नाही. आणि साधा विचार करा, हुंदके देऊन रडलो तरी पाणी किती येतं? रक्त गाळायला मूत्रपिंडं बसलीत.

मला जास्त पटतं ते नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठातल्या आद फिंगरहूत्स यांच्या गटाचं काम. २०१५च्या त्यांच्या अभ्यासात लोकांना रडवणारे सिनेमे दाखवले. जे रडले त्यांची मनःस्थिती सिनेमा संपल्या संपल्या आणखी खालावली होती. वीसेक मिनिटांत ती पूर्वपदावर आली आणि दीड तासाने सिनेमाच्या आधीपेक्षाही बरी निघाली. म्हणजे ‘रडलो आणि लगेच हलका झालो’ हे बहुधा आठवणीतलं. शिवाय बरं वाटणं हे शेजारच्या माणसावरही अवलंबून असतं. त्याने धीर दिला तर बरं वाटतं, हसला किंवा वैतागला तर आणखी वाईट.

अजून एक गंमत. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत २०११ साली पुरुषांना बायकांचे अश्रू हुंगायला दिले. वास कुणालाच जाणवला नाही, तरी त्यांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, उतरलं. त्याच संस्थेच्या २०२३च्या प्रयोगात आक्रमकपणाही कमी झालेला दिसला. प्रयोग लहान आहेत, ग्रुपवर पाठवायची घाई नको.

वऱ्हाडी_ठेचा

मोठं होईल, पण लिहितोच.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. परतवाडा-धारणी घाटात रात्री गाडी काढणारा माणूस. आजोबा गेले तेव्हाही त्यांना रडताना आम्ही पाहिलं नाही. निवृत्तीनंतर पक्षाघात झाला. हात-पाय बऱ्यापैकी परत आले, काठी घेऊन अंगणात फिरायला लागले. आणि रडणं सुरू झालं.

टीव्हीवर हवामानाचा अंदाज लागला तरी रडणं. ‘चहा घेता का?’ विचारलं तरी. साधंसुधं नाही, चेहरा पिळवटून, हंबरडा फोडल्यासारखा आवाज काढून. मिनिटभराने थांबायचं आणि बाबा उरलेला चहा प्यायचे. एकदा शेजारचे काका गेल्याची बातमी सांगितली तर हसू लागले. हसणं थांबेना म्हणून स्वतःच तोंडावर उपरणं धरलं. ते बघवत नव्हतं.

लोक भेटायला यायचे. मोठी आत्या तर यायची तीच त्यांना कवटाळून रडायची. त्याने बाबांचं अजून वाढायचं, इतकं की घामाघूम होऊन झोपून जायचे. आणि गावात चर्चा अशी, की सून जेवायला नीट घालत नाही म्हणून म्हातारा रडते. माझी बायको त्यांचं डायपरपासून सगळं करत होती. तिने दार लावून घ्यायला सुरुवात केली, कुणाला आत घेईना. तिचं काय चुकलं?

अमरावतीच्या न्यूरॉलॉजिस्टने पहिल्यांदा उलगडून सांगितलं. रडण्या-हसण्याला आवर घालणारे मेंदूतले मार्ग दुखावलेत, त्यामुळे चेहरा रडतो पण मनात तेवढं दुःख असेलच असं नाही. पक्षाघातानंतर खरी उदासीनताही येऊ शकते, म्हणून त्यांनी तीही वेगळी तपासली. उदासीनतेवरचीच एक गोळी अगदी कमी मात्रेत दिली. काही आठवड्यांत रडण्याचे झटके बरेच कमी झाले. घरच्यांना सांगितलं, समजूत काढू नका. विषय बदला, उठून उभं करा, लांब श्वास घ्यायला लावा. आम्ही रेडिओ लावतो, तो पुरतो.

तेव्हा बाबांची जीभ जड होती. तरी आत्या पुढच्या वेळी आली तेव्हा मला जवळ बोलावून म्हणाले, ‘लोकायले सांगून दे, मी रडून नाही राहिलो.’ मी ते वहीच्या कागदावर लिहून दारावर चिकटवलं. लोक हसले. हसू दे.

तालुक्याचा_डॉक्टर

याला स्यूडोबल्बर अफेक्ट म्हणतात. पक्षाघाताशिवाय मोटर न्यूरॉन डिसीज, मल्टिपल स्क्लेरोसिस असे मज्जासंस्थेचे आजार, डोक्याला मोठा मार लागणं यांतही दिसतो. घरात असा पेशंट असेल तर वरचं सगळं भेटायला येणाऱ्यांनाही वाचून दाखवा. वहिनींना माझा नमस्कार.

दही_नेदरलँडी

टिलबर्गचं नाव वाचून लिहावंसं वाटलं, मी आइंडहोव्हनला असते. इथे बाळंतपणानंतर आठवडाभर रोज काही तास घरी नर्स येते, विम्यातूनच. तिने आल्या आल्या सांगून ठेवलं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येईल, कारण शोधत बसू नका. बाळंतपणानंतर हार्मोन्स एकदम उतरतात, त्यात दूध भरतं, झोप नसते. आणि आलंच! माझी आई डिंकाचे लाडू घेऊन आलेली. ती म्हणे, ओल्या बाळंतिणीने रडू नये, डोळे अधू होतात. आई आणि नर्स, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, एक टिश्यू पुढे करायची, दुसरी काढून घ्यायची.

हे दोन आठवड्यांत ओसरायला हवं होतं. माझं ओसरलं नाही. बाळाकडे बघून काहीच वाटेना, आणि रडू मात्र चालूच. फॅमिली डॉक्टरने १० प्रश्नांचा एक कागद भरून घेतला (एडिंबरा स्केल, बाळंतपणानंतरची उदासीनता ओळखायचा), समुपदेशन सुरू केलं, अंगावर पाजताना चालेल अशी गोळी दिली. मुद्दाम लिहितेय, कारण पुण्यात माझ्या बहिणीला अशाच वेळी ‘सगळ्यांनाच होतं गं’ म्हणून महिनोन्महिने तसंच ठेवलं होतं. पहिल्या पंधरवड्यात बहुतेकींना होतं हे खरं. त्यानंतर नाही.

सीट_नंबर_मिळेना

पुण्यात अभ्यासिकेत असतो, एमपीएससी. मागच्या यादीत नाव नव्हतं तेव्हा कॉट बेसिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडलो होतो. यंदा नाव नाही तर काहीच झालं नाही. आजी गेली, गावी गेलो, तेव्हाही काही नाही. मित्र म्हणतात घट्ट झालास, अधिकारी होणार. पहाटे चारला जाग येते. मेसच्या भाजीला चव लागत नाही. हा अनुभव चालेल का इथे?

तालुक्याचा_डॉक्टर

चालेल, आणि मी तो वरच्या सगळ्यांपेक्षा गंभीरपणे वाचला. खोल उदासीनतेत काहींना सतत रडू येतं, काहींचं रडू पार आटतं. पहाटेची जाग आणि चव जाणं सोबत असेल तर त्याला घट्टपणा म्हणू नये. केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. रात्रंदिवस, मोफत. आजच लावा आणि इथे नुसतं ‘लावला’ एवढं तरी लिहा.

सीट_नंबर_मिळेना

लावला. मराठी निवडता येतं. पलीकडच्या ताईंनी झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं, जीव द्यावासा वाटतो का हेही सरळ विचारलं. त्याचं उत्तर द्यायला मला वेळ लागला, त्या थांबल्या. सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीचे वार सांगितले. रूममेट सोबत येतोय.

शंकासुर

भावा, परत येऊन सांग. वाट बघतोय.

खराडीची_नवी_आई

जरा वेगळा प्रश्न, चालेल ना? बाळ पाच महिन्यांचं आहे. जन्मल्यावर पहिले काही आठवडे टाहो फोडायचं तरी डोळ्यांत पाणी नसायचं. आता डावा डोळा न रडताही ओला असतो आणि सकाळी चिपडांनी चिकटतो. सासूबाई म्हणतात काजळ घाल, आई म्हणते अंगावरचं दूध घाल.

तालुक्याचा_डॉक्टर

दोन्ही नको. पहिल्या आठवड्यांत अश्रूंविना रडणं स्वाभाविकच, ग्रंथी पुरेशा चालू झालेल्या नसतात. आताचं बहुधा नाकात उतरणारी अश्रुनलिका पूर्ण उघडली नसल्याने होतंय. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यापासून नाकाच्या बाजूने खाली बोटाने दाबत न्यायचा मसाज असतो, तो डॉक्टरांकडून एकदा हाताने शिकून घ्या, नखं कापलेली हवीत. बहुतेक बाळांची नलिका वर्षभरात आपोआप उघडते. मात्र कोपऱ्यात लाल दुखरी गाठ आली, ताप आला, किंवा बाळ उजेडात डोळा घट्ट मिटून घेत असेल, बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसत असेल, तर मसाज करत बसू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.