ऑल चॅटवर मुलीला घाणेरडं लिहिणाऱ्या खेळाडूला काय शिक्षा द्यावी? टीमही बाद करायची का?

मंदार_करीरोड

नमस्कार मंडळी. लालबागला आमच्या मंडळाची व्हॅलरंट (पाच-पाच जणांच्या टीमचा ऑनलाइन शूटिंग गेम) स्पर्धा चालू आहे. १६ टीम आहेत. सुरुवातीच्या मॅच घरून ऑनलाइन, सेमी आणि फायनल मंडळाच्या हॉलमध्ये लॅनवर, म्हणजे सगळे एकत्र बसून.

क्वार्टर फायनलमध्ये एका टीमचा ड्युएलिस्ट (पुढे घुसून मारणारा खेळाडू), वय १७, ऑल चॅटवर, म्हणजे दोन्ही टीमना दिसणाऱ्या चॅटवर, समोरच्या टीममधल्या मुलीच्या मागे लागला. आधी 'पोळ्या लाट जा' वगैरे. आठव्या राउंडला तिने सायफर या पात्राच्या ट्रॅपमध्ये त्याला पकडून मारलं, तिथून आईबहिणीवरून सुरू झालं. मग तिच्या अंगाबद्दल जे लिहिलं ते मी इथे देणार नाही. ती एक अक्षर न लिहिता शेवटपर्यंत खेळली. तिची टीम ११-१३ हरली. रात्री तिच्या कॅप्टनने स्क्रीनशॉट पाठवले.

मुलगा म्हणतो, ट्रॅश टॉक होता, सगळेच करतात, तिने म्यूट करायचं होतं. वडिलांचा फोन आला, बारावीचं वर्ष आहे, प्रकरण वाढवू नका. मंडळातले निम्मे जण म्हणतात अख्खी टीम बाद करा, निम्मे म्हणतात माफी मागायला लावा आणि सोडा.

मला दोन्ही पटत नाही. त्याच्या टीममधल्या एकाने चॅटवर दोनदा 'भावा, बस' लिहिलंय, ते स्क्रीनशॉटमध्ये दिसतं. त्याला घरी का पाठवायचं? आणि नुसत्या माफीवर सोडलं तर पुढच्या वर्षी मुली नाव देतील का? यंदा १६ टीममध्ये मिळून तीनच मुली आहेत.

अडचण अशी की नियमपत्रिकेत 'खेळाडूंनी शिस्त पाळावी' एवढंच आहे, शिक्षा लिहिलेली नाही. मग किती शिक्षा न्याय्य म्हणायची?

रोहन_डोंबिवली

कसला विचार करताय? कायमचा बॅन. स्क्रीनशॉट त्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर टाका, आपोआप सरळ होईल.

अनघा_ठाणे

मंदारदादा, आधी एक विचारते. त्या मुलीशी कोणी बोललंय का? तुमच्या पोस्टमध्ये मुलगा काय म्हणतो ते आहे, त्याचे वडील काय म्हणतात ते आहे, मंडळ काय म्हणतं तेही आहे. तिला काय हवंय ते कुठेच नाही.

'म्यूट कर' हे मी कायम ऐकते. ऑल चॅट म्यूट करता येतो, ठीक. पण आपल्याच टीममधला कोणी व्हॉइसवर असं बोलायला लागला की त्याला म्यूट केल्यावर त्याने दिलेली खबर ऐकू येत नाही, बी साइटवर (मॅपवरच्या एका जागेवर) समोरचे किती जण आलेत ते कळत नाही आणि राउंड जातो. म्हणजे बोलणारा मोकळा आणि भोगायचं आम्ही. अनोळखी लोकांबरोबर खेळताना मी माइक बंदच ठेवते. त्यामुळे मी वाईट टीममेट ठरते, तेही ऐकून घेते.

समोरासमोर माफी अजिबात नको. सगळ्या मंडळासमोर तिला उभं करून 'माफ केलं' म्हणायला लावणं ही तिलाच शिक्षा आहे.

आणि रोहन, स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला तर तिच्याबद्दल लिहिलेलं ते सगळं शंभर जण वाचतील. नको.

विनायक_दादर

मी बरीच वर्षं गेमिंग कम्युनिटीत मॉडरेटर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिक्षा कशी असावी यावर मोठ्या गेम्सनी बरेच प्रयोग केलेत. लीग ऑफ लेजंड्समध्ये २०११ साली ट्रायब्युनल आलं. ज्याच्याविरुद्ध तक्रारी साचल्या त्याचं चॅट इतर खेळाडूंसमोर ठेवायचं आणि शिक्षा की माफी हे त्यांनी ठरवायचं. २०१४ मध्ये ते बंद झालं, पण त्यातून एक गोष्ट कळली. नुसता बॅन ठोकण्यापेक्षा 'तू हे हे लिहिलंस म्हणून' असं दाखवून शिक्षा दिली की परत आलेला माणूस बरा वागण्याची शक्यता वाढते. तुम्हीही पत्रात त्याचीच वाक्यं त्याला दाखवा. फक्त त्याला आणि पालकांना.

दुसरं, ज्या गोष्टीचा गैरवापर केला तीच आधी काढून घ्यावी. डोटा २ ने २०२३ मध्ये वागणुकीचा स्कोअर आणि बोलण्याचा स्कोअर वेगळे केले. तोंड खराब असेल तर चॅट-व्हॉइस जातो, मुद्दाम मॅच घालवत असाल तर वेगळी कारवाई. काउंटर-स्ट्राइकमध्ये मॅच सोडून पळणाऱ्याला आधी ३० मिनिटं, मग २ तास, मग २४ तास, मग ७ दिवस असा कूलडाउन, म्हणजे तेवढा वेळ खेळायला बंदी, लागायचा. पायऱ्या आधीच ठाऊक असल्या की कोणी अन्याय झाला म्हणत नाही. पण पायऱ्या रागाच्या भरातल्या शब्दांसाठी. मुलीच्या अंगावरून लिहिणं ही पहिली पायरी नाही, तिथे थेट स्पर्धेबाहेर. नियमात लिहिलं नव्हतं ही सबब इथे चालणार नाही. १७ वर्षांच्या मुलाला हे चूक आहे हे कळण्यासाठी नियमपत्रिका लागत नाही.

कायमचा बॅन मात्र नको. टायलर१ या स्ट्रीमरला लीगमधून २०१६ मध्ये कुठलंही अकाउंट वापरता येणार नाही असा बॅन बसला होता. २०१८ मध्ये तो परत आला. शिक्षा मोठी होती, पण दार उघडलं.

आणि मंदार, ते स्क्रीनशॉट जपून ठेवा. लैंगिक शेरेबाजी भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली येऊ शकते. तक्रार करायची की नाही हे ती आणि तिचे आईवडील ठरवतील. मंडळाने दबाव आणायचा नाही, करा असाही नाही आणि करू नका असाही नाही.

मॅच परत घेऊ नका एवढंच सांगेन. बाकी चौघांना ती दुसरी शिक्षा होईल.

मंदार_करीरोड

अनघाताई, काल तिच्याशी आणि तिच्या आईशी बोललो. तिला माफी नको, पोलीस तक्रारही सध्या नको. तिचं एकच म्हणणं, 'मला मॅच परत खेळायचीय, तो नसताना.'

विनायककाका, या एका मुद्द्यावर मी तुमच्याशी सहमत नाही. मॅच २४ राउंडची झाली. आठव्या राउंडला तो जे बोलला तिथेच त्याला बाहेर काढायला हवं होतं. म्हणजे पुढचे १६ राउंड तो खेळायलाच नको होता, आणि त्यातच त्याने सर्वांत जास्त किल घेतलेत. ती आघाडी त्यांची कशी म्हणायची? चौघांना शिक्षा म्हणून नव्हे, ती मॅच नीट झालीच नाही म्हणून परत घेतोय. त्यांचा राखीव खेळाडू नोंदवलेला आहे, तो उतरेल. 'भावा, बस' लिहिणाऱ्या मुलाला हे मी स्वतः फोन करून सांगितलं. तो म्हणाला, ठीक आहे दादा, खेळतो.

त्या मुलावर या स्पर्धेची आणि पुढच्या वर्षाची बंदी. त्यानंतर त्याला नाव देता येईल. पत्र त्याच्या घरी नेऊन देणार आहे, वडिलांसमोर. मॅच शनिवारी संध्याकाळी ७ वाजता, हॉलमध्ये. ऑल चॅट दोन्ही टीमना बंद.

अनघा_ठाणे

शनिवारी मी येते. हॉल करी रोड स्टेशनपासून किती लांब आहे?