'एलियन'च्या शेवटच्या श्रेयनामावलीला सिनेमात एक संगीत, अल्बमवर दुसरं?

शेवटची_रांग: रिडली स्कॉटचा 'एलियन' (१९७९). शेवटी नावं सरकताना हॉर्न आणि व्हायोलिनचं संथ, उबदार संगीत वाजतं. सिनेमाचा संगीतकार जेरी गोल्डस्मिथच्या अल्बमवरचा 'एंड टायटल' मात्र ट्रम्पेटच्या एकाकी सुरावटीवर उभा आहे. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. २००३चा डायरेक्टर्स कट (दिग्दर्शकाने पुन्हा संकलित केलेली आवृत्ती) लावला तरी तेच हॉर्न. जुन्या डीव्हीडीवर तर ते चढ्या सुरात वाटतं. ट्रम्पेटवालं संगीत चित्रासोबत कुठे मिळेल?

मंद्र_सप्तक: सिनेमात वाजतं ते गोल्डस्मिथचं नाहीच. ती अमेरिकन संगीतकार हॉवर्ड हॅन्सनची दुसरी सिंफनी, 'रोमँटिक'. बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राच्या पन्नाशीनिमित्त १९३०मध्ये केलेली. सिनेमात सिंफनीच्या पहिल्या भागातला तुकडा आहे. शोधताना घोळ होतो तो इथे: त्याच सुरावटी तिसऱ्या भागात परत येतात, म्हणून लोक तिसरा भाग लावतात आणि 'हे तेच, पण तेच नाही' म्हणत बसतात. पहिलाच लावा.

गोल्डस्मिथने शेवटासाठी स्वतंत्र संगीत केलं होतं, ते सिनेमातून गेलं आणि १९७९च्या एलपीवर राहिलं. म्हणून अल्बम आणि पडदा जुळत नाहीत. सुरुवातीच्या शीर्षकाचं संगीतही स्कॉटने त्याच्याकडून बदलून घेतलं होतं. एवढंच कशाला, त्याच्याच १९६२च्या 'फ्रॉइड'मधले तुकडे संकलनात तात्पुरते लावले होते, ते पक्के झाले! एलियनचं आम्लासारखं रक्त मजले जाळत खाली उतरतं, तिथे लक्ष देऊन ऐका. स्वतःच्याच जुन्या कामाने नव्या कामाची जागा घ्यावी, हा प्रकार कुठल्याही संगीतकाराला झोंबेल.

डायरेक्टर्स कटमध्ये दृश्यं जोडली तशी कापलीही. लांबी उलट मिनिटभराने कमी झाली. शेवटचं संगीत जैसे थे.

चकती_जमवणारा: चित्रासोबत ऐकायचं तर २०१०चा ब्लू-रे संच. त्यात 'एलियन'च्या चकतीवर संगीताचे दोन वेगळे ट्रॅक आहेत: 'फायनल थिएट्रिकल आयसोलेटेड स्कोअर' आणि 'कंपोझर्स ओरिजिनल आयसोलेटेड स्कोअर'. तुम्हाला दुसरा हवा. मेन्यूत आधी १९७९ची आवृत्ती निवडा, मग ऑडिओत जा. २००३ची निवडलीत तर हे ट्रॅक मिळणार नाहीत. ते फक्त मूळ आवृत्तीला जोडलेले आहेत.

लावल्यावर मिनिटचे मिनिट शांतता आली तर चकती खराब समजू नका. संवाद आणि आवाज काढलेले असतात. संगीत नाही तिथे काहीच नाही. थेट शेवटच्या चॅप्टरवर उडी मारा.

नुसतंच ऐकायचं असेल तर इंट्राडा या कंपनीने २००७मध्ये काढलेला दोन सीडींचा संच. पहिलीवर पूर्ण मूळ संगीत आणि नंतर बदलून दिलेले तुकडे, दुसरीवर जुना अल्बम.

पंचवीस_फ्रेम: डीव्हीडीवरच्या चढ्या सुराचं कारण पाल (PAL), म्हणजे युरोप-भारतातल्या टीव्हीची जुनी पद्धत. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, पाल डीव्हीडी २५ची. बहुतेक वेळा तीच फिल्म थोडी पळवून बसवतात. वेग सुमारे ४ टक्के वाढतो, सूर साधारण पाऊण सेमीटोन (दोन लगतच्या स्वरांमधलं अंतर) चढतो. ३ मिनिटांचा तुकडा ७ सेकंद आधी संपतो. हॉर्नच्या लांब सुरांत हे लगेच कळतं, संवादांत नाही.

शेवटची_रांग: हो, पालच आहे. त्यातून काढलेली फाइल ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ करता येईल का?

पंचवीस_फ्रेम: येईल. पूर्ण ट्रॅक निवडा, वेग आणि सूर एकत्र बदलणारा इफेक्ट घ्या, टक्केवारीत -४.०९६ टाका (ब्लू-रेवर २४ फ्रेम नेमक्या २३.९७६ असतात; २३.९७६ भागिले २५, म्हणजे ०.९५९०४). फक्त वेग बदलणारा 'चेंज टेम्पो' नको, त्याने लांबी सुधारते पण सूर चढाच राहतो. अंदाजे -४ टाकलंत तर दोन तासांच्या ट्रॅकमध्ये शेवटाला पोचेपर्यंत आवाज चित्रापासून सात-आठ सेकंद सरकलेला असेल. आणि आधी ब्लू-रेच्या त्याच जागेशी कानाने ताडून बघा. काही पाल चकत्यांवर सूर कारखान्यातच खाली आणलेला असतो. तसं असेल तर उलट 'चेंज टेम्पो'च वापरायचा.