शब्दचर्चा: शिफारस, जाहीरनामा, करार

चाळीसगावचा भाचा: गावातल्या एका प्रकरणात राज्य मानवी हक्क आयोगाचं पत्र आलंय, 'भरपाई देण्याची शिफारस करण्यात येत आहे.' घरचे पेढे वाटायला निघालेत. आपल्याकडे शिफारस म्हटली की आमदाराची चिठ्ठी! इथे अर्थ काय घ्यायचा?

शिरपूरचा वकील: चिठ्ठीपेक्षा वजनदार, पण हुकूमनामा नव्हे. मानवी हक्क संरक्षण कायदा, १९९३, कलम १८ बघा. भरपाई द्या, दोषीवर खटला भरा, असं आयोग सरकारला सांगतो. सरकारने महिनाभरात किंवा आयोग वाढवून देईल त्या मुदतीत काय केलं ते कळवायचं. सरकार ढिम्म राहिलं तर आयोग हायकोर्टात जाऊ शकतो. तुम्हालाही संविधानाच्या कलम २२६ खाली हायकोर्टात रिट याचिका करता येते. जळगाव, धुळे, नंदुरबारला औरंगाबाद खंडपीठ. मद्रास हायकोर्टाच्या पूर्णपीठाने २०२१ मध्ये अशी शिफारस सरकारवर बंधनकारक ठरवली. आपल्या हायकोर्टाला तो निकाल बांधत नाही, तरी वकिलाला दाखवाच. पेढे थोडे थांबवा.

शहाद्याच्या बाई: १० डिसेंबरला शाळेत 'मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा' वाचतो. पोरं विचारतात, कोणत्या पक्षाचा?

शिरपूरचा वकील: पोरं हुशार आहेत बाई. १९४८ चा जाहीरनामा म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा ठराव. वजन मोठं, पण तो करार नव्हे. देशांना बांधणारे दोन करार १९६६ चे: एक नागरी व राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा. भारत १९७९ मध्ये दोन्हींत सामील झाला. पण तेवढ्यावरून करार घेऊन थेट धुळ्याच्या कोर्टात उभं राहता येत नाही. १९९३ च्या कायद्याची व्याख्याच बघा: जीवित, स्वातंत्र्य, समता, प्रतिष्ठा यांचे हक्क, संविधानातले किंवा करारांतले, पण 'भारतातल्या कोर्टांतून अंमलात आणता येतील असे'. सगळी मेख या शेपटात आहे. कधी कधी कोर्टच वाट काढतं. १९९७ च्या विशाखा निकालात कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध देशात कायदा नव्हता, तेव्हा सुप्रीम कोर्टाने स्त्रियांविरुद्धच्या भेदभावावरचा आंतरराष्ट्रीय करार संविधानाच्या जोडीला वाचून नियम घालून दिले. कायदा आला २०१३ मध्ये.

धुळ्याची ताई: हक्क की अधिकार? अहिराणीत आम्ही 'हाऊ मना हक शे' म्हणतो. अधिकार तलाठ्याला असतात! आयोगाचं मराठी नावही 'मानवी हक्क'च आहे. 'मानवाधिकार' हिंदीतून आलं आणि बोलेरोच्या काचेवर जाऊन बसलं. गाडीवर ते नाव मिरवणाऱ्या खासगी संघटनांच्या 'जिल्हाध्यक्षां'चा आयोगाशी काडीचा संबंध नसतो, पावती फाडू नका.

चाळीसगावचा भाचा: शेजारच्या गावातही असंच घडलंय, मागच्या पोळ्याला. त्यांनी अजून अर्ज केला नाही.

शिरपूरचा वकील: त्यांना आजच सांगा भाऊ. त्याच १९९३ च्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे घटनेला वर्ष उलटलं की आयोग चौकशी करू शकत नाही. अर्ज साध्या कागदावर चालतो, फी नाही. तारीख, ठाणं, साक्षीदार मात्र नीट लिहा.