आरांना म्हणे ड्रॉइंग येत नव्हतं!

गेरू
काल या फोरमवर एकाने लिहिलं की चित्रकार के. एच. आरा धड शिकलेले नव्हते, म्हणून त्यांची फुलदाण्यांची चित्रं नुसत्या अंतःप्रेरणेवर चालतात आणि न्यूड्समध्ये, म्हणजे नग्नचित्रांत, हाडं जागेवर नसतात. रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितोय.

अंतःप्रेरणा म्हणजे डोळे मिटून रंग फासणं नव्हे. सिकंदराबादजवळच्या बोलारमचा हा मुलगा लहानपणी मुंबईत आला, घरगडी म्हणून राबला, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला आणि तरी रंगवत राहिला. फुलं, फळं, भांडी, वर्षानुवर्षं तेच. इतकं रंगवलेल्या हाताला पेन्सिल समोर धरून मापं घ्यावी लागत नाहीत. मी स्वतः महिनाभर रोज एकच पितळी कळशी रंगवली. विसाव्या दिवसानंतर कधीतरी कड काढायची विसरलो. मागचा राखाडी रंग जिथे थांबला, तिथे कळशी आपोआप उभी राहिली. ते ठरवून झालं नव्हतं.

टर्पेंटाइन
'मोटारी धुणारा उपजत चित्रकार' हे पालुपद आता बंद करा. आरा मुंबईत केतकरांच्या चित्रकला वर्गात ड्रॉइंग शिकले. कलासमीक्षक फॉन लायडन आणि चित्रकार लँगहॅमर यांच्यासारखे जाणकार पाठीशी होते. १९४७च्या प्रोग्रेसिव्ह या मुंबईच्या चित्रकार-गटात भोवती सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे. एवढं सगळं असताना उपजत म्हणणं म्हणजे त्यांची मेहनत खोडून काढणं. सूझा शिकलेला म्हणून त्याचा वाकडा चेहरा 'शैली', आणि आरांची जाड मांडी 'अंतःप्रेरणा'? गरिबाला बुद्धी नसतेच का?

गेरू
मी मेहनतीबद्दलच लिहिलंय. परत वाचा.

पोपटी_वांगं
मुळात वस्तुचित्र शिकवतात तेच चूक. सातवीत मी वांग्याच्या सावलीत निळा भरला, कारण तिथे निळा दिसत होता. सरांनी वर्गासमोर कागद उलटा केला आणि म्हणाले, सावली काळीच असते. त्यानंतर मी बारा वर्षं ब्रश धरला नाही.

ड्रॉइंगच्या_बाई
त्या सरांचं चुकलं, पण खापर विषयावर फोडू नका. तीस वर्षं मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांना बसवलंय. तांब्या डोळ्याच्या पातळीखाली ठेवला की तोंडाचं लंबवर्तुळ चपटं दिसतं, बुडाचं जास्त गोल. मुलं हमखास बूड सरळ रेघेने कापतात, कारण तांब्या जमिनीवर सपाट बसतो हे त्यांना माहीत असतं. माहीत असलेलं बाजूला ठेवून दिसतं ते काढणं, हेच आम्ही शिकवतो. तुमच्या अंतःप्रेरणेचा पाया हाच आहे.

पोपटी_वांगं
आणि दहावीचे वाढीव गुण? निम्मी मुलं त्यासाठीच बसतात. माझ्या भाचीने तांब्या-लिंबू-फडका तोंडपाठ केला. पुढ्यात काय मांडलंय हे न बघता काढला, ए ग्रेड मिळाली.

ड्रॉइंगच्या_बाई
गुण सुरू झाल्यावर निदान तासिका तरी मिळाली! आधी आमचा तास गणिताला जायचा. रंगपेटी आणायला पैसे नसलेल्या मुलांना मी स्वतःच्या पेटीतून रंग दिलेत. घरबसल्या विषय बंद करा म्हणणाऱ्यांनी एकदा पासष्ट मुलांच्या वर्गात उभं राहून दाखवावं.

पोपटी_वांगं
बंद करा असं मी कुठे म्हटलं? काळी सावली बंद करा म्हणतोय.

टर्पेंटाइन
धागा आरांचा आहे. फ्रेंच चित्रकार सेझान घ्या. त्याचा चित्रविक्रेता व्होलार याचं पोर्ट्रेट करताना त्याला ११५ वेळा बसवलं, असं व्होलारनेच लिहून ठेवलंय. प्रेरणेवर चालणारा माणूस ११५ वेळा बसवतो का?

गेरू
बसवतो! पुढचा रंग कुठे ठेवायचा हे कोष्टकातून कळत नाही, म्हणूनच बसवतो. मापावर भागलं असतं तर दहा बैठका पुरल्या असत्या.

टर्पेंटाइन
बरं, सेझानपुरतं मान्य. आरांच्या फुलांपुरतंही मान्य, ती मलाही आवडतात. पण न्यूड्समध्ये अंगाचं वजन जमिनीवर टेकत नाही, या मतावर मी ठाम आहे.

गेरू
तिथे काही चित्रांत मलाही अडखळायला होतं. मात्र 'ड्रॉइंग येत नव्हतं' हे वाक्य मागे घ्यायला हवं.

ड्रॉइंगच्या_बाई
वांगेवाले, भाचीला माझ्याकडे पाठवा. घरातला कोणताही तांब्या घेऊन येऊ दे.

पोपटी_वांगं
विचारतो तिला. निळा रंग चालेल ना?

ड्रॉइंगच्या_बाई
दिसत असेल तर चालेल.