हॅलोविन पार्टी: टेबलाच्या मधोमध काय ठेवू?

मनीषनगरची_आई
नमस्कार मंडळी. ३१ ऑक्टोबरला बिल्डिंगमधल्या पोरांची हॅलोविन पार्टी आमच्या नागपूरच्या घरी आहे, खायचं सगळं ठरलं पण डायनिंग टेबलच्या मधोमध काय ठेवायचं तेच सुचून नाही राहिलं. ऑनलाइन पाहिलं तर प्लास्टिकच्या कवट्या अन् रबराचे तुटके हात, महाग तर आहेतच आणि दिवाळी तोंडावर असताना घरात कवट्या नको असं सासूबाई म्हणतात, मलाही ते पटतं. पोरांना भुताटकी वाटली पाहिजे पण किळस नको. टेबल सहा जणांचं, बजेट हजारच्या आत. आपल्याकडचं कोहळं, म्हणजे लाल भोपळा, कोरता येतं का? तो फोटोतला गोल नारंगी भोपळा तर बाजारात दिसत नाही.

कॉटन_मार्केटवाली
येतं ना ताई! मी दरवर्षी कोरते. कॉटन मार्केटमधून मध्यम, नीट बसणारं, देठ शाबूत असलेलं कोहळं आणा. आपल्या कोहळ्याचा गर जाड असतो, त्यामुळे आधी स्केचपेनने डोळे-तोंड काढून घ्या अन् त्या बाजूने आतून खरवडत खरवडत बोटभर जाडी ठेवा, मग छोटी सुरी सहज फिरते. भोक वरून नाही तर बुडाला पाडायचं, म्हणजे देठ तसंच राहतं आणि कोहळं दिव्यावर नुसतं पालथं ठेवता येतं. दिवा बॅटरीचा घ्या, पोरांचे झगे-बिगे असतात, मेणबत्ती नकोच. कोरायचं आदल्या रात्री, त्याआधी नाही, आपल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात ते लवकर मऊ पडतं. कापलेल्या कडांना व्हॅसलीन लावलं की सुकत नाही. निघालेल्या गराचे गूळ-कणीक घालून बोंडं करा, बिया धुवून वाळवून मीठ लावून भाजा, टेबलावरच ठेवा.
अन् भोपळाच पाहिजे असंही काही नाही. आयर्लंडमध्ये आधी सलगम कोरायचे, तिथले लोक अमेरिकेत गेले तर तिथे भोपळे मिळाले म्हणून भोपळे आले. जिथे जे पिकतं ते कोरायचं.

संत्रानगरी
मग नागपुरात संत्रंच पाहिजे की! तेव्हा आंबिया बहाराच्या संत्र्यांची आवक सुरू झालेली असते, साल अजून हिरवट-पिवळी, भुताच्या तोंडाला एकदम फिट. फक्त संत्र्याची साल सैल असते, कोरली की चेहरा ढासळतो, म्हणून संत्र्याला लवंगा टोचून डोळे-दात करा, साल टोचली की काय वास सुटतो घरभर! कोरायला मोसंबी घ्या, तिची साल घट्ट. वरचं टोपण कापायचं, चमच्याने गर काढायचा, डोळे कापायचे, आत छोटा एलईडी. मधे कोहळं अन् भोवती ही पिल्लं, खाली झेंडूच्या पाकळ्या. झेंडू उगाच नाही सांगत, मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला मेलेल्या माणसांची आठवण करतात तेव्हा झेंडूच वाहतात, तो मूळचा तिकडचाच. म्हणजे विषयाला धरूनच आहे, आणि सासूबाईंनाही चालेल.

वऱ्हाडी_पोरगा
ताई, मारबत ठेवा ना छोटी, मिरवणुकीत निघतो तो पुतळा! कामट्या अन् रंगीत कागदाची, काळी अन् पिवळी. आपल्या नागपूरची खरी भुताटकी तीच.

महालकर_काकू
बाळा, मारबत नको रे. पिवळी मारबत १८८५ पासून निघून राहिली, लोकं तिची पूजा करतात, ईडा-पीडा घेऊन जा म्हणून तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. जी घराबाहेर पाठवायची ती जेवणाच्या टेबलावर शोभेला कशी ठेवायची? तुझ्या कामट्या-कागदाचं वटवाघूळ कर, पोरं खूश होतील.
बाकी मनीषनगरच्या बाई, उंचीकडे लक्ष द्या. मधली सजावट बसलेल्या माणसाच्या हनुवटीच्या खालीच पाहिजे, नाहीतर समोरचा दिसत नाही अन् ऐन जेवताना ती उचलून बाजूला ठेवावी लागते. उंच काही हवंच असेल तर पडलेल्या वाळक्या काटक्या काळ्या रंगवून बरणीत उभ्या करा, त्यातून आरपार दिसतं. त्यावर मेडिकलमधल्या कापसाच्या गुंडाळीचं जाळं. कापूस दोन्ही हातांनी ताणत ताणत पार विरळ करायचा, जवळजवळ दिसेनासा होईस्तोवर, जाड राहिला तर फाटक्या गादीतून निघाल्यासारखा वाटतो. आणि कापसाजवळ पणती, मेणबत्ती काहीच नको.

मनीषनगरची_आई
किती छान सांगितलं सगळ्यांनी! कोहळं, मोसंबी, झेंडू पक्कं, काटक्या पोरांकडूनच रंगवून घेते. ड्राय आइसचा धूर करू का मधे?

कॉटन_मार्केटवाली
पोरं असताना नको ताई. तो उणे ७८ डिग्रीचा असतो, उघड्या हाताला लागला की कातडी भाजल्यासारखी होते, झाकणबंद बरणीत ठेवला तर बरणी फुटते, आणि त्याची वाफ म्हणजे कार्बन डायऑक्साइड, बंद खोलीत धोक्याचं. ट्यूबलाइट बंद करून कोहळ्यातला दिवा लावा, भिंतीवर दातांची सावली पडते ना, पोरं तेवढ्यानेच किंचाळतात. मोसंबी मात्र सिंकपाशीच कोरा, रस फार उडतो.